मावळे बेथलेहेमला निघालेत

गेल्या महिन्यातली गोष्ट. शाळेतल्या नाटकाची प्रॅक्टिस करता करता मोठीने विचारलं, "मम्मी, मॅन्जर म्हणजे काय गं?" मी पोळ्या लाटत होते, म्हटलं गव्हाणी. तर ती म्हणाली हां म्हणजे पाळणाच ना, तो चर्चमध्ये ठेवतात तो छोटा पाळणा. मी लाटणं खाली ठेवलं. ती आठ वर्षांची आहे, दर नाताळला हा शब्द ऐकतेय, संडे स्कूलमध्ये पाठांतर पण झालंय की मरीयेने बाळ येशूला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, आणि इतकी वर्षं तिच्या डोक्यात बाळ छान सजवलेल्या पाळण्यात झोपलेलं होतं. म्हणजे अख्खी गोष्टच हातातून निसटली की! बेथलेहेममध्ये उतरायला जागा नव्हती म्हणून जनावरांच्या चाऱ्याच्या जागेत बाळाला ठेवावं लागलं, हेच तर त्या गोष्टीचं काळीज आहे. आणि वर पुढचा प्रश्न, "बाळंतं म्हणजे काय?" कारण तिच्या जन्मापासून घरात डायपर.

तेव्हाच ठरवलं की यंदा बाकी काही राहिलं तरी चालेल, पण पोरांना ही गोष्ट आपल्या भाषेत आणि आपल्या वस्तूंमधून समजली पाहिजे. हात लावून समजली पाहिजे. मॉलमध्ये नोव्हेंबरपासूनच झाड आणि सांता उभे असतात, ते पोरं बघतातच, त्यांना आवडतं आणि मलाही त्याचा राग नाही. पण तेवढंच नाताळ म्हणून त्यांच्याकडे राहिलं तर मला खरंच वाईट वाटेल.

आमच्याबद्दल थोडं सांगते. माझं माहेर नगरचं. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरांपैकी आमचं एक. सासरचे पुण्याच्या गुरुवार पेठेतले, पंचहौदाजवळचे. पप्पा म्हणजे माझे सासरे तिथल्या चर्चच्या आठ घंटा ऐकत मोठे झालेत, 1885 सालचं ते चर्च, आणि आम्ही वडगाव शेरीला राहायला येऊन इतकी वर्षं झाली तरी नाताळच्या सकाळी त्यांना तो घंटानाद ऐकायला जायचंच असतं. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा आमची दोन्हीकडची मंडळी एकाच छत्राखाली आली, पण घरच्या पद्धती आपापल्या राहिल्या. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या मी सासरी आल्यावर पाहिल्या. नगरकडे आमच्या घरी तसं काही नव्हतं, आमच्याकडे भजनं असायची, टाळ, ढोलकी, पेटी, रात्री अकरापर्यंत. आता घरात दोन्ही चालतं. नाताळच्या आधीचे चार रविवार, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, तिसऱ्या रविवारी गुलाबी. आशा, शांती, आनंद, प्रीती. धाकटा साडेचार वर्षांचा आहे आणि त्याचं सगळं कॅलेंडर सध्या त्या गुलाबी मेणबत्तीवर चालतं, "गुलाबी कधी" हे रोज सकाळी दात घासताना विचारून झालेलं असतं.

तर गव्हाणी. पप्पा म्हणाले सांगून काय कळणार, दाखवू या. आणि एका रविवारी उपासना झाल्यावर पोरांना घेऊन मांजरी गावाकडे गेलो, तिथे पप्पांच्या ओळखीच्या एकांचा म्हशींचा गोठा आहे. शहर चारही बाजूंनी आलंय, समोर टॉवर, पण आत गेलं की शेणाचा, पेंडीचा, ओल्या चाऱ्याचा तो वास येतो आणि मला एकदम माझ्या आजीचं घर आठवलं. मामा म्हणजे गोठ्याचे मालक, खूप मायेने दाखवत होते. ही बघा गव्हाण, सिमेंटची लांब, पूर्वी दगडी नाहीतर लाकडी असायची, कडबा बारीक करून त्यात टाकायचा, वरून पेंड. मोठी बराच वेळ गप्प उभी राहिली. म्हशीने तिच्या समोरच गव्हाणीत तोंड घातलं आणि जोरात फुरफुर केली तशी ती दचकून माझ्या मागे लपली आणि मग हळूच म्हणाली, "इथे? इथे ठेवलं बाळाला? मच्छर नाही चावले?" आणि मग लगेच, "त्याच्या मम्मीला वाईट नसेल वाटलं?" मला काय उत्तर द्यावं कळेना. म्हटलं वाटलं असेल. दोघांच्या बाळंतपणात मला स्वच्छ खोली, नर्स, गरम पाणी सगळं होतं तरी मी घाबरले होते. हे तिला मी पहिल्यांदाच सांगितलं.

धाकट्याने तोपर्यंत खिशात कडबा भरून घेतला होता. दोन्ही खिसे. मामांनी अजून एक मूठ पिशवीत घालून दिला, म्हणाले घेऊन जा देवाच्या बाळासाठी. मामा माळकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारीला जातात. त्यांनी ज्या सहजपणे ते म्हटलं ते माझ्या मनात अजून आहे.

आता आमच्या नाताळच्या देखाव्याचं सांगते कारण मुळात ते लिहायलाच बसले होते. पुण्यात वाढणाऱ्या पोरांना दिवाळीत किल्ला करायचाच असतो, मग घरात दिवाळी असो नसो. आमच्या सोसायटीत खाली पार्किंगच्या कडेला सगळी पोरं मिळून किल्ला करतात, माती, दगड, पोतं, वर मोहरी नाहीतर हळीव पेरतात म्हणजे चार दिवसात हिरवंगार होतं. आमची मोठी त्यात सगळ्यात पुढे असते. कुंभारवाड्यातून आणलेली चित्रं, मावळे, गवळण, तोफा, वाघ, हत्ती, हे सगळं दिवाळी झाल्यावर खोक्यात भरून आमच्या बाल्कनीत येतं कारण आमच्याकडे जागा आहे. मातीचं पोतं पण.

गोठ्यातून आल्यावर मोठीने ते पोतंच ओढून काढलं. दरवर्षी आम्ही बाजारातला तयार गोठा आणायचो, प्लास्टरच्या मूर्ती, वर चमकी, सगळे गोरेपान आणि निळ्या डोळ्यांचे. ती म्हणाली ह्या वेळी मी करणार, किल्ल्यासारखा. आणि हॉलच्या कोपऱ्यात जुन्या बॅनरवर माती आली, माझ्या पोटात गोळा आला कारण दुसऱ्या दिवशी सोमवार, ऑफिस, पण नवरा म्हणाला राहू दे, मी पुसतो, आणि खरंच पुसली त्याने. डोंगर झाला, पायवाट झाली, वर मोहरी पेरली, खाली बुटाच्या खोक्याचा गोठा आणि त्यात काड्यापेटीची गव्हाणी. गव्हाणीत मांजरीहून आणलेला खराखुरा कडबा.

मग बाळाला पहिल्यांदा बघायला येणारे मेंढपाळ कुठून आणायचे? तर मावळे! तिने खोकं उघडून सात मावळे काढले, त्यातल्या ज्यांच्या हातात भाले होते ते भाले काठ्या झाले, ढाली काही निघेनात मग त्यावर माझ्या जुन्या शालीचे तुकडे चिकटवून घोंगड्या केल्या. दिवाळीच्या सुट्टीत सासवडला जाताना दिवे घाटात आम्हाला धनगरांचा मोठा कळप लागला होता, मेंढ्या, घोडी, घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड आणि त्यावर बांधलेली कोंबडी, तेव्हा गाडी थांबवून पप्पांनी पोरांना सांगितलं होतं की हे लोक मेंढ्या घेऊन पावसाळ्यानंतर लांब लांब चालत जातात, रात्री शेतात मुक्काम करतात, शेतकरी मुद्दाम मेंढ्या बसवून घेतात कारण लेंडीखत मिळतं. ते तिच्या बरोबर लक्षात राहिलं. रात्री रानात कळप राखत बसलेले मेंढपाळ म्हटल्यावर तिला दुसरं काही शोधायलाच लागलं नाही. त्या शुभवर्तमानातली रात्र तिला दिवे घाटात दिसली आणि मला वाटतं ही गोष्ट ज्यांनी आधी पाहिली ते पण असेच थंडीत घोंगडी पांघरून बसलेले, लोकांनी फारसं न विचारलेले लोक होते.

महाराजांची मूर्ती मात्र पप्पांनी स्वतः पुसून नीट कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. म्हणाले महाराज गडावर, पुढच्या दिवाळीला. पोरांनी मान डोलावली.

वाघावरून भांडण झालं. धाकट्याला वाघ पाहिजेच, मोठी म्हणते बेथलेहेममध्ये वाघ कुठे असतो, वाघ मेंढ्या खाईल, तो रडायला लागला, ती ओरडायला लागली, मी दोघांना ओरडले. मग पप्पांनी बायबल काढून यशयाचा अकरावा अध्याय वाचून दाखवला, लांडगा कोकराजवळ राहील, चित्ता करडाजवळ बसेल, आणि लहान मूल त्यांना वळेल. आगमनकाळात हा उतारा चर्चमध्ये वाचतात, मी लहानपणापासून ऐकतेय, पण मातीचा वाघ घेऊन बसलेल्या पोरासमोर पप्पांना तो वाचताना ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. वाघ राहिला. मेंढ्यांच्या मधोमध बसलाय.

हे सगळं चालू असताना बाकीचा डिसेंबर काय थांबत नाही. दोघांना आळीपाळीने खोकला, पुण्याची सकाळची थंडी आणि शाळेची बस सात वाजता, मोठीच्या स्नेहसंमेलनाच्या प्रॅक्टिस, माझ्या ऑफिसात वर्षअखेरचं काम. आणि फराळ.

हो, फराळ. आमच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू सगळं होतं, सोबत कलकले आणि केक. मोठीच्या वर्गातल्या मैत्रिणीने तिला विचारलं होतं, "तुमची दिवाळी उशिरा येते का?" आणि ती थोडी हिरमुसून घरी आली होती की आपलं काही वेगळं नाहीच का. मी तिला सांगितलं की आपली आजी, पणजी, तिची आजी, ह्याच मातीतल्या, आनंद झाला की त्या करंज्याच करणार ना, देवाच्या बाळाचा वाढदिवस म्हणून काय दुसरीकडचं काही करतील? जे हाताला येत होतं ते त्यांनी त्याच्यासाठी केलं. मग तिने विचारलं नाताळ हा शब्द तरी आपला आहे का. नाही, तो पोर्तुगीज. जसा पाव, बटाटा, चावी, पगार. पण बटाट्याशिवाय वडापाव होतो का सांग, म्हटल्यावर ती हसली आणि पुढे दोन दिवस घरातल्या वस्तू दाखवून "हा पोर्तुगीज?" चालू होतं.

कलकले करायला दोघं बसतात. रवा-मैद्याची गोडसर कणीक, नारळाच्या दुधात मळलेली, तिची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची म्हणजे शिंपल्यासारखी होते. धाकट्याच्या सगळ्या गोळ्या वेगवेगळ्या साईझच्या त्यामुळे तळताना काही जळतात काही कच्च्या राहतात, मी वेगळ्या डब्यात भरते, तो डबा घरचा. गेल्या वर्षापर्यंत आई नगरहून यायची कलकल्यांना. यंदा तिचे गुडघे फार दुखतात, प्रवास नको म्हणाली. व्हिडिओ कॉल लावून फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, ती तिकडून बघत बसली आणि मध्ये मध्ये "तेल तापलंय गं, गॅस कमी कर" करत होती. तिला आवाजावरून कळतं.

केकचं आमचं ठरलेलं. सुका मेवा बोहरी आळीतून आणून नोव्हेंबरच्या शेवटी भिजत घालायचा. सासरकडे रममध्ये घालायचे पण आमच्या नगरकडच्या मंडळींत दारूचं नावच नाही, म्हणून लग्न झाल्यापासून आमचा केक संत्र्याच्या रसात, बरणी फ्रिजमध्ये. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनीच पहिल्या वर्षी दोन बरण्या केल्या, एक तुझी एक माझी, आणि कुठली चांगली झाली हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला विचारू दिलं नाही. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. बरणीवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे अजून, मी ती काढत नाही, बरणी धुताना तेवढा भाग कोरडा ठेवते.

भाजायला कॅम्पातल्या जुन्या बेकरीत नेतो. घरी ओव्हन आहे पण भट्टीच्या केकची गोष्ट वेगळी, कड खरपूस होते आणि आत ओलावा राहतो. घरून पीठ कालवून डब्यात न्यायचं, डब्यावर नावाची चिठ्ठी, आणि भट्टीबाहेर बाकावर बसून राहायचं. बाजूला कोणीतरी नानकटाईचं सामान घेऊन आलेलं असतं, तूप, साखर, मैदा स्वतःचं आणि भट्टी त्यांची. तिथल्या बाकावर अनोळखी बायकांशी जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या वर्षभरात होत नाहीत. पोरांना मी मुद्दाम नेते. त्यांनी तासभर नुसतं बसून वास घ्यावा, कंटाळावं, परत वास घ्यावा. मोबाईल देत नाही.

ताटं वाटायचं काम पोरांचं. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून, वरच्या आजींकडून, खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांकडून आमच्याकडे ताटं आली होती, ती भांडी मी लक्षात ठेवून बाजूला काढते कारण भांडं रिकामं परत द्यायचं नाही हे आईने शिकवलंय. यंदा ताटं भरताना पप्पांनी पोरांना पंचहौदाच्या चहाची गोष्ट सांगितली. 1890 साली पुण्यातली मोठी मोठी मंडळी, न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक वगैरे, पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, आणि ख्रिस्ती लोकांकडचा चहा घेतला म्हणून पुण्यात केवढं वादळ उठलं, पेपरात नावं छापली, बहिष्कार, प्रायश्चित्त, सगळं झालं. मोठी ऐकतच राहिली, "नुसत्या चहावरून?" पप्पा म्हणाले हो, नुसत्या चहावरून, आपण ते विसरायचं नाही आणि मनात पण ठेवायचं नाही. मग दोघं ताटं घेऊन गेली. वरच्या आजींनी दारातच करंजी तोडून खाल्ली आणि सारण कसं केलंय विचारलं, हे मोठीने परत येऊन चार वेळा सांगितलं. धाकट्याने एका ताटातला लाडू जिन्यात खाल्ला होता, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, काकूंनीच हसत सांगितलं.

परवा कॅरलवाले आले. चर्चची तरुण मंडळी टेम्पोतून घरोघरी फिरतात, आमच्याकडे पोचेपर्यंत रात्रीचे सव्वाअकरा, गिटार, ढोलकी, कानटोप्या, आणि पुढे सांता. धाकटा झोपेतून उठलेला, सांताचा मुखवटा बघून असा काही किंचाळला की गाणंच थांबलं. त्या पोराने पटकन मुखवटा काढला, तर आतून आमच्याच संडे स्कूलचा दादा, घामाघूम झालेला. त्याने गुडघ्यावर बसून धाकट्याला विचारलं तुझा गोठा दाखव ना, आणि धाकटा त्याचं बोट धरून आत घेऊन गेला, वाघ दाखवला, कडबा दाखवला. मग सगळ्यांनी तिथेच, त्या मातीच्या डोंगराभोवती जमिनीवर बसून एक मराठी भजन म्हटलं, हळू आवाजात, सोसायटी झोपली होती म्हणून. पप्पा भिंतीला टेकून उभे होते, त्यांचे डोळे भरलेले मला दिसले.

गव्हाणी अजून रिकामी आहे. बाळ चोवीसच्या रात्री ठेवायचं, तोपर्यंत नाही, हा नियम सासूबाईंचा. धाकटा रोज सकाळी चड्डीवर तसाच पळत जाऊन बघतो, "आलं नाही अजून", आणि पाणी मारतो मोहरीवर. मावळे रोज संध्याकाळी एक वीत पुढे सरकतात, ते काम मोठीचं. आता पायवाटेच्या अर्ध्यावर आलेत.

बाळंत्याचं राहिलं होतं. काल माळ्यावरची पेटी काढली. माझ्या आजीचं लुगडं होतं, सुती, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं, त्याची बाळंती आईने माझ्यासाठी केली होती आणि त्यातलं उरलेलं दोघांच्या वेळी मी दवाखान्यात नेलं होतं, डायपर असले तरी पहिल्यांदा गुंडाळलं त्यातच. एवढासा तुकडा शिल्लक आहे. मोठीच्या हातात दिला, म्हटलं हे बाळंतं. तिने गालाला लावून बघितला आणि विचारलं, मी ह्यात मावत होते? मग दोघींनी मिळून त्यातून हाताच्या पंजाएवढा चौकोन फाडला, कात्री नको म्हणाली ती, हातानेच फाडू. आता तो घडी करून गव्हाणीच्या शेजारी ठेवलाय.

उद्या सकाळी सहाला भट्टीवर नंबर आहे, आणि मी अजून अंडी आणलेली नाहीत.